पावणेसात मीटर

चेंडू अनीसच्या डोक्यावरून वीतभर अंतर ठेवून गेला आणि समोरच्या रिंगमधून जाळीला हलकेच थोपटून खाली पडला. अनीस गुडघ्यांवर बसून जमिनीवर कागदी पट्टी चिकटवत होता. त्याने आधी डोकं चाचपलं, मग मागे वळून पाहिलं.

"हलू नका, लागेल," मागून आवाज आला. "तसेच बसून राहा. मला तुमची काही अडचण नाही."

"पण मला तुमची आहे ना!"

ती हसली नाही. चेंडू आणायला त्याच्या अगदी जवळून गेली आणि चिकटपट्टीवर पाय पडू नये म्हणून टुणकन उडी मारून गेली. तेवढ्याने अनीसचा अर्धा राग उतरला. सकाळचे सहा वाजले होते. खालच्या बका खोऱ्यातून धुकं वर चढत होतं आणि ऐन लौज गावाच्या चर्चमागचं ते उघडं मैदान निम्मं त्यात बुडालं होतं. ती परत धुक्यात गेली, दिसेनाशी झाली... आणि पुन्हा चेंडू आला. पुन्हा जाळीत.

"तुम्हाला रिंग तरी दिसतेय का तिथून?" अनीसने ओरडून विचारलं.

"मी झाहले शहरात चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळे तपासून हवे असतील तर या कधी. तुमचे तपासायला हवेत, चेंडू येताना दिसत नाही तुम्हाला."

तिचं नाव रनीम शल्हूब. वय तेवीस. ऐन लौजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात गेली सहा वर्षं ती खेळत होती आणि गेली सहा वर्षं तिला एकच गोष्ट बजावून सांगितली जात होती : बाहेरून नेम धरायचा नाही.

सांगणारा होता मिल्हेम, संघाचा कोच आणि रनीमचा सख्खा मामा. लाडात असला की तो तिलाही 'खालो', म्हणजे मामा, म्हणायचा, त्या डोंगरातले सगळे मामा भाच्यांना म्हणतात तसंच. रागावला की मात्र 'रनीम शल्हूब', जसं काही वर्गात हजेरीच घेतोय. त्याचं गणित सोपं होतं. संघात ग्रेस होती, सहा फूट एक इंच. चेंडू ग्रेसकडे द्यायचा, ग्रेसने रिंगखाली जाऊन टाकायचा. लांबून मारणं म्हणजे आळस. लांबून मारणं म्हणजे देवावर हवाला. सरावात कितीतरी मुलींनी तीन गुणांच्या रेषेबाहेरून प्रयत्न करून पाहिला होता, चेंडू रिंगपर्यंत पोचायचाच नाही. "बघितलंत?" मिल्हेम म्हणायचा. "हे आपल्या मुलींचं काम नाही."

रनीमला हे 'आपल्या मुलींचं काम नाही' फार झोंबायचं. म्हणून ती रोज पहाटे एकटी यायची. पहिलं वर्ष चेंडू पोचला नाही. दुसऱ्या वर्षी रिंगला लागून परतायला लागला. आता दहातले सहा पडत होते. पण सामन्यात एकदा जरी बाहेरून मारला तरी मिल्हेम तिला बाकावर बसवायचा, मग चेंडू पडो की न पडो.

आणि येत्या शनिवारी वरच्या गटात जाण्यासाठीचा सामना होता, वादी तूतच्या संघाशी. एरवी सामने झाहलेच्या बंदिस्त हॉलमध्ये व्हायचे, पण त्याचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं. बास्केटबॉल संघटनेने कळवलं, तुमच्याच मैदानावर खेळा, फक्त रेषा नियमाप्रमाणे नीट आखून घ्या. म्हणून झाहलेहून अनीस ब्रैदी आला होता. त्याच्या वडिलांचं रंगाचं दुकान. तो मैदानांच्या आणि गाड्यांच्या तळांच्या रेषा आखायचा.

काम तीन दिवसांचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रनीम आली तेव्हा तो रंगाच्या डब्यावर बसून मिठात बुडवून हिरवे बदाम खात होता. त्याने मूठ पुढे केली. तिने एक घेतला, कचकन चावला.

"झालं का काम?"

"रंग वाळायचाय. हवा दमट आहे ना..."

"दमट? माझे कपडे तासाभरात वाळले."

"कपड्यांचं वेगळं असतं."

"हो का?" तिने वाकून रेषेवर बोट टेकवलं. बोट कोरडं ठणठणीत. तिने ते त्याच्या नाकासमोर धरलं. अनीसचे कान लाल झाले. तो बदाम निवडण्यात एकदम गढून गेला, जणू त्यात काही मोठी पारख करायची होती.

"मग तू... म्हणजे तुम्ही..."

"तू चालेल," रनीम म्हणाली. "रंगाबद्दल खोटं बोलणाऱ्याने निदान अहोजाहो करू नये."

मग ती त्याच्याशेजारी, दुसऱ्या डब्यावर बसली आणि का कोण जाणे, सगळं सांगून मोकळी झाली. मामाचं, ग्रेसचं, गेल्या वर्षी वादी तूतकडून वीस गुणांनी हरल्याचं. "त्यांच्या पाचही जणी ग्रेसला घेरून उभ्या राहतात. पाच! एकीने तिचा शर्ट धरलेला असतो. आणि आम्ही चौघी बाहेर उभ्या, लग्नाला आलेल्या परक्या पाहुण्यांसारख्या. आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही."

अनीसने हातातला बदाम सावकाश मिठात घोळवला. तो मूळचाच सावकाश बोलणारा.

"आम्ही गाड्यांचे तळ आखतो ना," तो म्हणाला, "तिथेही हेच होतं. सगळ्यांना गाडी दाराशीच हवी असते. दारापाशी कोंडी, शिव्या, भोंगे. आणि लांबची जागा रिकामी. मग बाबा काय करतात माहितेय? लांबच्या कोपऱ्यात एक छान सावलीची जागा आखतात. रुंद, ऐसपैस. एकाची गाडी तिथे गेलेली दिसली की बाकीचेही वळतात. दार आपोआप मोकळं होतं."

त्याने मिठाची वाटी मध्ये ठेवली आणि तिच्याभोवती पाच बदाम दाटीने मांडले. मग एक बदाम लांब, डब्याच्या कडेला ठेवला.

"ही तू. तू इथून मारलास आणि पडला, तर त्यांना काय करावं लागेल?"

रनीमने घोळक्यातला एक बदाम उचलून लांबच्या बदामाजवळ नेला. मग, जरा थांबून, दुसराही.

"मला अडवायला यावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"आणि वाटीपाशी?"

"ग्रेस... आणि फक्त तिघी." ती एकदम उठून उभी राहिली. "अरे, म्हणजे मी बाहेरून मारते ते माझ्या तीन गुणांसाठी नाहीच! ते ग्रेससाठी आहे!"

हे नीट ध्यानात घ्या, कारण मिल्हेमसारख्या तीस वर्षं खेळात मुरलेल्या माणसाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. बाहेरून नेम धरणारी मुलगी आतल्या मुलीचं काम हिरावून घेत नाही. ती तिच्यासाठी जागा करते. आणि ती रोजच बाहेरून मारेल असंही नाही, मारू शकते एवढी धास्ती पुरते.

रनीम हे सगळं अनीसला परत परत सांगत राहिली, जणू त्याने तिला नाही, तिनेच त्याला शिकवलं होतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता. शेवटी तिने विचारलं, "ऐकतोयस ना?"

"ऐकतोय की."

"मग मी आत्ता काय म्हणाले?"

"ते... नाही ऐकलं."

तिसऱ्या दिवशी अनीस जुनी रेष खरवडून काढत होता. संघटनेचा नियम म्हणजे रिंगच्या मध्यापासून पावणेसात मीटर. त्याने स्वतःच्या टेपने मोजलं. मग पुन्हा मोजलं. जुनी रेष होती पावणेआठवर.

त्याने रनीमला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले आणि मग ती भयंकर चिडली. "सहा वर्षं! अनीस, सहा वर्षं मी एक मीटर जास्त लांबून मारतेय?"

"आणि दहातले सहा पाडतेयस."

"आखली कुणी होती ही रेष?"

ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चर्चच्या अडगळीच्या खोलीत ती जुनी टेप अजून खिळ्याला लटकत होती. ती 'एक'पासून सुरू व्हायची. पहिला मीटर कधीकाळी बांधकामाच्या यंत्रात गुंतून तुटला होता. चर्चचे पाद्री अबूना अंतून बागेत फांद्या छाटत होते. त्यांना विचारलं.

"हो, मी आणि मिल्हेमनेच आखली. मिल्हेम आकडा सांगत होता, मी टेप ओढत होतो," ते म्हणाले. "पहिला मीटर नाही हे मला ठाऊक होतं हो! त्याने पावणेआठ म्हटलं, मी बरोब्बर एक मिळवून पावणेनऊवर खूण केली."

शुक्रवारी सरावाला मिल्हेम आला तेव्हा रनीमने त्यालाही विचारलं, सगळ्या मुलींसमोर.

"टेपचा पहिला मीटर तुटलाय हे मला काय ठाऊक नव्हतं?" मिल्हेम म्हणाला. "म्हणून तर मी पावणेसातच्या जागी अबूनांना पावणेआठ सांगितलं!"

गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, आणि म्हणून दोघांनी आपापला एकेक मीटर मिळवला होता. ग्रेसला आधी कळलं. तिने तोंडावर हात दाबला, पण सहा फुटी माणसाचं हसू लपत नाही.

"खालो," रनीम म्हणाली, "आमच्या मुलींचं काम नव्हतं असं नाही. तुझी रेष चुकीची होती."

मिल्हेमचा चेहरा तांबडा झाला. त्याने अनीसकडे पाहिलं, जसं काही टेप अनीसनेच तोडली होती.

"एका मीटरने काय होतं? पावणेसात असो नाहीतर पावणेआठ, लांबून मारणं ते लांबूनच! उद्या ज्याने त्याने आपापलं काम करायचं. रंगवाल्याने रंगाचं. रनीम शल्हूब, तू चेंडू ग्रेसला द्यायचास. बाहेरून मारलास तर बाकावर. आणि उद्या बाकावर बसलीस तर पुढच्या वर्षीही तिथेच."

"मग आत्ताच सांगून ठेवते," रनीम म्हणाली, आणि तिने मान खाली घातली नाही. "पहिला मोकळा चेंडू मिळाला की मी बाहेरून मारणार. तू मला बसव. पण मी चोरून मारला असं म्हणू नकोस."

मिल्हेम शिट्टी वाजवून निघून गेला. सराव झालाच नाही.

फाटकापाशी अनीस डबे गाडीत भरत होता. काम संपलं होतं. आता कुठलाही रंग वाळायचा राहिला नव्हता.

"माझ्यामुळे तुझी संघातली जागा..." त्याने सुरुवात केली.

"तुझ्यामुळे काही नाही. जागा माझी आहे, घालवली तर मीच घालवीन." मग ती थोडी नरमली. "येशील ना उद्या?"

"तुझ्या मामांनी मला पाहिलं तर..."

"पाहू दे! लपून प्रेक्षकांत बसणार असशील तर येऊच नकोस."

तो आला. दुपारी तीनला, निळा इस्त्रीचा शर्ट घालून, थेट पहिल्या रांगेत, मिल्हेमच्या बाकामागेच बसला. अख्खं ऐन लौज भिंतींवर, गच्च्यांवर, चर्चच्या पायऱ्यांवर चढलं होतं. कुणी ढोल आणला होता, बायका भाजलेल्या बियांच्या पिशव्या घेऊन आल्या होत्या.

तिसऱ्याच मिनिटाला रनीमला चेंडू मोकळा मिळाला. समोर कुणी नव्हतं, वादी तूतच्या पाचही जणी ग्रेसभोवती. तिने मामाकडे पाहिलं. एकदाच, सरळ. आणि मारला.

चेंडू जाळीत शिरला तसा ढोल दणाणला. मिल्हेमने तिथल्या तिथे हात वर केला : बदली खेळाडू.

रनीम बाकावर येऊन बसली. टॉवेल घेतला नाही, पाणी घेतलं नाही. मागून अनीसचा आवाज आला, अगदी हळू : "छान होता." ती वळली नाही. वळली असती तर रडली असती, आणि तिला वादी तूतसमोर रडायचं नव्हतं.

मध्यंतरापर्यंत बावीस–तेहतीस. पिछाडी अकरा गुणांची. ग्रेस धापा टाकत आली आणि तिने खांदे उघडे करून दाखवले. नखांचे ओरखडे होते.

"अम्मो मिल्हेम," ती म्हणाली (संघातल्या सगळ्या मुली त्याला अम्मो, म्हणजे काका म्हणायच्या), "माझ्या अंगावर पाच जणींचे दहा हात आहेत. एक तर रनीमला आत पाठव, नाहीतर शर्ट देते, तूच जा माझ्या जागी."

"ग्रेस!"

"मी नाही उठणार." आणि ती रनीमच्या शेजारी धपकन बसली. मग दुसरी बसली. मग तिसरी. बाक भरला, तशी चौथी जमिनीवर बसली.

मिल्हेमने बाकाकडे पाठ फिरवली. तो चेंडू घेऊन एकटाच मैदानात गेला. लोकांना वाटलं रागाने निघाला. पण तो अनीसने आखलेल्या नव्या पांढऱ्या रेषेपाशी थांबला. कधीकाळी झाहलेच्या संघातून खेळलेला माणूस, पण कोच झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्याने स्वतः बाहेरून एकदाही नेम धरला नव्हता. त्याने चेंडू दोनदा आपटला, गुडघे वाकवले आणि टाकला. पडला. तो एक मोठं पाऊल मागे सरकला, खरवडलेल्या रेषेच्या फिकट खुणेवर, आणि पुन्हा टाकला. चेंडू रिंगच्या वीतभर अलीकडेच खाली आला. पुन्हा टाकला. पुन्हा अलीकडेच.

अख्खं गाव बघत होतं. मिल्हेम तिथेच उभा राहिला, रिकामे हात लोंबत. तो चेंडू उचलायला गेला नाही, रनीम गेली.

"खालो," मिल्हेम म्हणाला. "तू... इथून मारत होतीस? रोज?"

"रोज."

"मग जा," तो म्हणाला. "इथूनच मार. इथे तुला अडवायला यावं हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही."

आणि तसंच झालं. रनीम नव्या रेषेच्याही एक मीटर मागे उभी राहिली, आणि वादी तूतच्या मुली खुशाल तिला तिथे सोडून देत होत्या. पहिला पडला. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. दुसरा पडला. हसू मावळलं. तिसरा चुकला, पण चौथा पडला, तेव्हा त्यांचा कोच बाकावरून उठून ओरडायला लागला, "जा कुणीतरी! जा ना तिच्यावर!" एक आली. मग दोघी आल्या. आणि रिंगखाली ग्रेसने पहिल्यांदाच हात पूर्ण वर केले, शर्ट धरायला कुणी नव्हतं.

शेवटचे बारा सेकंद. चौपन्न–पंचावन्न, पिछाडी एका गुणाची. चेंडू रनीमकडे.

सगळ्या गच्च्या उभ्या राहिल्या. "मार!" कुणीतरी किंचाळलं, मग सगळेच. "मार! मार!" तिने चेंडू डोक्यावर नेला. समोरच्या दोघी जिवाच्या आकांताने उडल्या, तिसरीही आतून धावत सुटली. सहा वर्षं जिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी आता तिघी धावून आल्या होत्या! रनीमला मनापासून मारावंसं वाटलं. तो नेम तिचा होता, तिने लढून मिळवला होता.

तिने हात खाली आणले आणि उडलेल्या दोघींच्या मधून चेंडू जमिनीवर आपटून आत दिला. ग्रेसने तो झेलला, वळली, आणि घरातल्या फडताळावर बरणी ठेवावी तितक्या निवांतपणे रिंगमध्ये ठेवला.

छप्पन्न–पंचावन्न. शिट्टी वाजली.

मग काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. ढोल, आरोळ्या, बायकांचा जिभेने काढलेला तो उंच, लांबलचक आनंदाचा सूर, भिंतीवरून उड्या टाकणारे लोक. ग्रेसने रनीमला उचलून धरलं होतं. खाली उतरवल्यावर रनीमने इकडेतिकडे पाहिलं. अनीस तिथेच उभा होता, पहिल्या रांगेत. पुढे यावं की न यावं, त्याचं ठरत नव्हतं. लोक त्याला धक्के देत जात होते.

ती सरळ त्याच्याकडे चालत गेली. मिल्हेमही मागोमाग आला, डोळे पुसत.

"अनीस," ती म्हणाली. श्वास अजून लागला होता. "तू सावकाश बोलणारा आहेस, म्हणून मीच बोलते. मला तू आवडतोस. खूप. तुला मी आवडत असेन तर आत्ता सांग. घरी जाऊन विचार करू नकोस."

बिया खाणाऱ्या बायकांचे हात तोंडापाशीच थांबले.

"रनीम!" मिल्हेमने डोळे वटारले. "अगं, आपल्याकडे मुलगी आधी विचारत नाही! मुलाकडचे येतात, कॉफी होते, मग..."

"आपल्याकडे आजपर्यंत कुणी बाहेरून मारतही नव्हतं, खालो."

अनीसचे कान पार शेंदरी झाले होते. पण या वेळी तो बदाम शोधत बसला नाही. दोन पावलं पुढे आला आणि रनीमच्या शेजारी, मामाकडे तोंड करून उभा राहिला.

"अम्मो, तिला मी हो म्हणतोय," तो म्हणाला. मग रनीमकडे वळून, हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं, "पहिल्या दिवसापासूनच हो." आणि पुन्हा मोठ्याने, "आणि तुम्हाला विचारायला आईबाबांना घेऊन येतो. पुढच्या रविवारी."

मिल्हेमने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग भाचीकडे पाहिलं. ती मान ताठ ठेवून उभी होती, आणि तिने अनीसचा हात सगळ्या गावासमोर घट्ट धरला होता.

"रविवारी नको," तो घसा खाकरून म्हणाला. "शनिवारी या. रविवारी सराव आहे. सगळ्या मुलींना बाहेरून मारायला शिकवायचंय."